महारोहिणीचा सुटलेला पदर

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा ता. २५ ऑक्टोबर १७६० रोजीं केन्सिंग्टन येथील आपल्या वाड्यांत नेहमीप्रमाणें सकाळीं सहा वाजतां उठला, चॉकोलेटचा पेला घेतला, आणि सव्वासातच्या सुमारास शौचकूपाकडे गेला. थोड्याच वेळांत आंतून कांहीं जड वस्तु पडल्याचा आवाज झाला. सेवक धांवत गेला तों राजा जमिनीवर निश्चेष्ट पडलेला. पडतांना उजव्या कानशिलास लागलें होतें. शीर तोडून रक्त काढण्याचा तत्कालीन उपाय करून पाहण्यांत आला, परंतु रक्त आलें नाहीं. राजाचें सत्याहत्तरावें वर्ष पुरें होण्यास पंधरवडाच काय तो उरला होता. इकडे हिंदुस्थानांत भाऊसाहेब व अब्दाली समोरासमोर येत होते, आणि पानिपतच्या रणास पुरते तीन महिनेहि उरले नव्हते. परंतु ज्या रणाची हकीकत आज सांगावयाची आहे तें रण एका वृद्ध माणसाच्या छातींत, कोणास न दिसतां, काहीं क्षणांत संपलें होतें.

राजदेह दफनापूर्वीं उघडण्यांत आला, आणि तेथें काय दिसलें हें लिहून ठेवण्याचें काम राजवैद्य फ्रँक निकोल्स ह्यानें केलें. निकोल्स हा नुसता दरबारी वैद्य नव्हता. शारीरशास्त्राचा तो नामांकित अध्यापक होता. रक्तवाहिनीचा आंतला पदर फाटला तरी बाहेरचा शाबूत राहूं शकतो, हें त्यानें बत्तीस वर्षांपूर्वींच रॉयल सोसायटीपुढें प्रयोगानें दाखविलें होतें. दैवयोग असा कीं, त्याच प्रयोगाची साक्ष त्याला आपल्या राजाच्या देहांत सांपडावी. हृदयाभोंवतालची पिशवी गोठलेल्या रक्तानें तट्ट फुगलेली होती. तें रक्त जवळजवळ पाइंटभर, म्हणजे सुमारें अर्धा लिटर, भरलें. त्या दाबाखालीं हृदय असें चिरडलें गेलें होतें कीं, त्यांत रक्त येण्यास जागाच उरली नव्हती. आणि हृदयांतून निघणाऱ्या थोरल्या वाहिनीच्या, म्हणजे महारोहिणीच्या, आंतल्या अंगास सुमारें दीड इंच लांबीची एक आडवी चीर होती. त्या चिरेंतून रक्त बाहेरच्या पदराखालीं शिरून तेथें उंचवटा झाला होता.

वैद्यकाचे इतिहासकार ह्या रोगाचें पहिलें खात्रीलायक वर्णन म्हणून निकोल्सच्या ह्याच नोंदीकडे बोट दाखवितात. चीर तर सांपडली. परंतु ती शिवण्याची विद्या हातीं येण्यास त्यानंतर एकशें चौऱ्याण्णव वर्षें लागलीं. रोग कळणें आणि रोग बरा होणें ह्या दोहोंत एवढें अंतर कां पडावें, आणि तें कोणीं कसें तोडलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. महारोहिणी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यांतून निघते, वर चढते, कमानीसारखी वळते, आणि पाठीच्या कण्याच्या कडेनें पोटांत उतरते. वाटेंत तिला मेंदूकडे, हातांकडे, मूत्रपिंडांकडे व पायांकडे जाणारे फांटे फुटतात. तिच्या भिंतीला तीन पदर असतात. आंतला पदर गुळगुळीत व पातळ, मधला लवचीक तंतूंचा, सर्व जोर सोसणारा, बाहेरचा चिवट. हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां ठोका देतें, आणि प्रत्येक ठोक्याचा पहिला आघात ह्याच भिंतीवर बसतो. वर्षानुवर्षें रक्तदाब वाढलेला असला, किंवा मधला पदर जन्मतःच दुबळा असला, तर एखाद्या क्षणीं आंतला पदर फाटतो. मग रक्त आपली सरळ वाट सोडून भिंतींतच शिरतें, आणि अंगरख्याचें अस्तर उसवत जावें तसे पदर एकमेकांपासून सुटत जातात. नळी एक असतांना तिच्या दोन होतात. एक खरी, एक खोटी.

हें उसवणें कोणीकडे जाईल त्यावर रोग्याचें भवितव्य अवलंबून असतें. मेंदूच्या फांट्याकडे गेलें तर अर्धांग. मूत्रपिंडाकडे गेलें तर लघवी बंद. पायाकडे गेलें तर पाय थंडगार व नाडी नाहींशी. बाहेरचा पदरहि फुटला, तर हृदयाच्या पिशवींत रक्त भरून दुसऱ्या जॉर्जप्रमाणें क्षणांत अंत. परंतु सर्वांत फसवी वाट मागची, म्हणजे हृदयाकडे परत येणारी होय. महारोहिणीच्या मुखाशीं तीन पाकळ्यांची एक झडप असते. ती रक्ताला बाहेर जाऊं देते, परत येऊं देत नाहीं. ह्या पाकळ्या ज्या भिंतीला टांगलेल्या असतात ती भिंतच सुटली, म्हणजे बिजागरी निखळलेल्या दारासारखी झडप लोंबकळते, आणि बाहेर टाकलेलें रक्त उलट हृदयांत कोसळतें.

झडप वर्षानुवर्षें थोडथोडी गळत असेल तर हृदय आपला कप्पा हळूहळू मोठा करून तो भार सोसण्यास शिकतें. येथें मात्र तशी सवड नसते. काल निरोगी असलेल्या, आकारानें बेताच्या कप्प्यावर आज एकाएकीं दुप्पट भार येऊन पडतो. त्या कप्प्यांतला दाब मागें फुप्फुसांत चढतो, फुप्फुसें पाण्यानें भरतात, आणि रोगी उठून बसून श्वासासाठीं धडपडूं लागतो. ज्याला आपल्या घरोघर ‘हार्ट फेल’ म्हणतात, तें असें वाहिनीच्या दोषानें ओढवतें. हृदयाच्या स्नायूचा त्यांत कांहीं अपराध नसतो. म्हणूनच ह्या प्रकारांत निव्वळ औषधानें हृदयाला चाबूक मारून भागत नाहीं. बिजागरी बसविल्याशिवाय दार लागत नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. निकोल्सनंतर जिनिव्हाचा शस्त्रवैद्य मोन्वार ह्यानें १८०२ मध्यें रक्त भिंतीचे पदर सोलीत जातें ही कल्पना शब्दांत मांडली, आणि स्टेथॉस्कोपचा जनक लेनेक ह्यानें १८१९ मध्यें ह्या रोगाला त्या अर्थाचें नांव दिलें. पुढें लंडनच्या टॉमस पीकॉक ह्यानें प्रेतांतील महारोहिणींत पाणी दाबून भरून पदर कसे सुटतात तें दाखविलें, आणि अनेक रोग्यांच्या हकीकती एकत्र केल्या. त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढें आली. क्वचित् प्रसंगीं खोट्या वाटेनें गेलेलें रक्त खालीं दुसरी चीर पाडून पुन्हां खऱ्या वाटेस मिळतें, आणि असा रोगी कांहीं काळ वांचतो. निसर्ग स्वतःच कधीं कधीं ह्या रोगावर शस्त्रक्रिया करतो, असा त्याचा अर्थ. ही सूचना शस्त्रवैद्यांनीं पुढें बरीच उशिरां उचलली.

मधला पदर दुबळा कां होतो, ह्याचाहि तपास चालू होताच. पॅरिसचा बालवैद्य आंत्वान मार्फां ह्यानें १८९६ मध्यें विलक्षण लांब व सडपातळ हातपाय असलेल्या एका पांच वर्षांच्या मुलीचें वर्णन केलें. अशा शरीरयष्टीच्या माणसांच्या महारोहिणीवर घाला पडतो हें १९४० नंतरच्या दशकांत उमगलें, आणि त्याचें मूळ एका तंतूच्या जनुकांत आहे हें १९९१ मध्यें सिद्ध झालें. व्हिएन्नाच्या एर्डहाइम ह्यानें १९२९ च्या सुमारास मधल्या पदराची झीज सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविली होती. परंतु हें सर्व ज्ञान शवाच्या टेबलावर मिळालेलें होतें. रोग्याच्या बिछान्याशीं बसलेल्या डॉक्टरला त्याचा उपयोग एवढाच कीं, मृत्यूचें कारण त्याला आधीं कळावें.

हात घालण्याचा पहिला धीट प्रयत्न १९३५ मध्यें न्यूयॉर्क येथें डेव्हिड गुरिन ह्यानें केला. एका रोग्याच्या पायाचें रक्त बंद झालें होतें. गुरिन ह्यानें पायाकडे जाणाऱ्या वाहिनींत खऱ्या व खोट्या वाटेमधल्या पडद्याला खिडकी पाडली. निसर्ग जी दुसरी चीर कधीं कधीं पाडतो तीच त्यानें हातानें पाडली. पायांत रक्त परत आलें, परंतु रोगी फार दिवस जगला नाहीं. मूळ चीर तर छातींत जशीच्या तशी होती, आणि तेथें पोंचण्यास वाट नव्हती. चालत्या हृदयाच्या मुखाशीं वाहिनी कापावयाची म्हणजे चालत्या रहाटाचा दोर कापण्यासारखें होतें. मेंदूला रक्तावांचून नेहमींच्या उष्णतेंत चारपांच मिनिटांपलीकडे दम निघत नाहीं.

ही अडचण दूर झाली ती ता. ६ मे १९५३ रोजीं. त्या दिवशीं फिलाडेल्फिया येथें जॉन गिबन ह्यानें हृदय व फुप्फुसें ह्यांचें काम करणाऱ्या यंत्रावर एका अठरा वर्षांच्या मुलीला ठेवून तिच्या हृदयांतील छिद्र बंद केलें. गिबनचे ह्या यंत्रासाठीं दोन दशकांहून अधिक काळ श्रम चालले होते. ह्यानंतरची कथा मात्र मुख्यतः ह्यूस्टन शहराची आणि मायकेल डिबेकी ह्या एका पुरुषाची आहे.

डिबेकी हा १९०८ मध्यें लुइझियाना प्रांतांतील लेक चार्ल्स ह्या गांवीं लेबनॉनहून आलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मला. आईजवळ तो शिवणकाम शिकला, आणि ही विद्या त्याला पुढें अशी फळास आली कीं, विद्यालयांतील कोणतीहि पदवी तितकी फळास आली नसावी. वैद्यकाचा विद्यार्थी असतांनाच त्यानें रक्त ढकलण्यासाठीं एक फिरता पंप सिद्ध केला; त्याच जातीचे पंप पुढें हृदय-फुप्फुस-यंत्रांत बसले. रोगट वाहिनी कापून काढली तर तिच्या जागीं काय घालावें, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. मृताच्या देहांतील वाहिन्या वापरून पाहण्यांत आल्या, परंतु त्या मिळण्यास दुर्मिळ आणि टिकण्यास कच्च्या. तेव्हां डिबेकी नायलॉनचें कापड घेण्यास ह्यूस्टनमधील एका मोठ्या दुकानीं गेला. नायलॉन संपलें होतें. दुकानदारानें डॅक्रॉन नांवाचें नवें कापड पुढें केलें. तें घरीं आणून त्यानें बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. हें कापड शरीरानें पत्करलें, आणि कालांतरानें तें शरीराच्याच तंतूंनीं भरून येऊं लागलें. पुढें वस्त्रविद्येच्या एका प्राध्यापकाकडून शिवणीवांचून नळ्या विणण्याचें यंत्र करवून घेण्यांत आलें. आजहि जगांत असंख्य माणसांच्या छातींत ह्याच जातीच्या कापडाची महारोहिणी धडधडत आहे.

जुलै १९५४ मध्यें डिबेकी ह्यानें सुटलेल्या पदरावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, आणि पुढील वर्षीं डेंटन कूली व ऑस्कर क्रीच ह्या सहकाऱ्यांसह सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयालगतच्या भागाचा प्रश्न अधिक बिकट होता. सुटलेल्या पदरामुळें झडप लोंबकळून हृदय खचलेलें आहे, अशा रोग्यांतील यशाची वार्ता १९६३ मध्यें ह्यूस्टनच्याच मॉरिस, हेन्ली व डिबेकी ह्यांनीं दिली. युक्ति ऐकण्यास सोपी आहे. फाटलेला भाग कापून काढावयाचा, सुटलेले पदर पुन्हां एकमेकांस शिवावयाचे, लोंबणाऱ्या पाकळ्यांचीं टोकें वर उचलून भिंतीस पक्कीं टांगावयाचीं, आणि वर डॅक्रॉनची नळी जोडावयाची. पाकळ्या निरोगी असतात. त्यांचा खुंटा तेवढा ढिला झालेला असतो. जेथें मूळच इतकें नासलेलें असेल कीं खुंटा पुन्हां रोवतां येत नाहीं, तेथें लंडनच्या ह्यू बेंटॉल ह्यानें १९६८ मध्यें वर्णिलेल्या रीतीनें कृत्रिम झडप बसविलेली नळीच हृदयाच्या मुखाशीं शिवून टाकण्यांत येते.

ह्या यशानें सर्वांचें समाधान झालें असें मात्र नाहीं. शस्त्रक्रियेंत मृत्यूचें प्रमाण भारी होतें, आणि सुटलेला पदर म्हणजे ओला कागद. टांका घालावा तों तुटावा. १९६५ मध्यें मायरन व्हीट ह्यानें दुसरी बाजू मांडली. त्याचें म्हणणें असें कीं, चीर वाढते ती रक्ताच्या आघातानें. तेव्हां रक्तदाब आणि ठोक्याचा जोर औषधानें कमी केला तर चाकूवांचून कित्येक रोगी वांचतील. शस्त्रवाले व औषधवाले ह्यांचा हा वाद कांहीं वर्षें चालला, आणि त्याचा निकाल लागला तो दोघांसहि कांहीं अंशीं मान्य करून. स्टॅनफर्ड येथील मंडळींनीं १९७० मध्यें सुटसुटीत विभागणी केली: चढत्या भागाला झळ लागलेली असेल तर तत्काळ शस्त्रक्रिया; केवळ उतरता भाग सुटला असेल तर आधीं औषध, आणि एखादा अवयव रक्तावांचून मरूं लागला किंवा वाहिनी फुटण्याच्या बेतास आली तरच शस्त्र. १९९९ पासून ह्या दुसऱ्या प्रकारांत जांघेंतून आंत सरकविलेली जाळीदार नळी चिरेवर बसवून छाती न फाडतांहि काम भागूं लागलें.

चढत्या भागासाठीं मात्र छाती उघडावीच लागते. रॅन्डल ग्रीप ह्यानें १९७५ मध्यें दाखविलेल्या मार्गानें रोग्याचें शरीर यंत्राच्या साहाय्यानें वीस अंशांच्या आसपास थंड करण्यांत येतें, मग यंत्रहि थांबविण्यांत येतें. हृदय थांबलेलें, श्वास थांबलेला, शरीरांत रक्त कोठेंहि हलत नाहीं. त्या थंडीमुळें मेंदूला जी अर्ध्या तासाच्या आसपासची मुदत मिळते, तेवढ्यांत कमानीशीं नळी जोडून घ्यावी लागते. जुन्या कथांतील योगी प्राण ब्रह्मांडीं नेऊन ठेवीत असें आपण ऐकतों; येथें तो प्राण, घड्याळ लावून, कांहीं मिनिटांपुरता उसना ठेवण्यांत येतो.

इतकें करून लाभ किती? बारा रुग्णालयांतील ४६४ रोग्यांची जी आंतरराष्ट्रीय नोंद २००० मध्यें प्रसिद्ध झाली, तींत चढता भाग सुटलेल्यांपैकीं शस्त्रक्रिया झालेल्यांत शेंकडा २६ दगावले. न झालेल्यांत शेंकडा ५८. पुढें हे आंकडे बरेच सुधारले आहेत. शस्त्रक्रियेवांचून ठेवलेल्या रोग्यांत पहिल्या दोन दिवसांत दर ताशीं शंभरीं एकदोन मृत्यु, असें पूर्वीं सांगत. अलीकडील मोजणींत तें प्रमाण ताशीं अर्ध्यावर आलें आहे. तरी घड्याळ चालू आहे हें खरेंच. आणि ह्या घड्याळाला सर्वांत मोठी अडचण होते ती ओळख न पटण्याची. छातींत एकाएकीं उठलेली, पाठीकडे जाणारी, फाडल्यासारखी कळ हें ह्या रोगाचें नेहमींचें लक्षण. परंतु त्याच नोंदवहींतील पुढच्या अभ्यासाप्रमाणें शंभरांत सुमारें सहा रोगी हृदय खचलेल्या स्थितींत येतात, आणि त्यांची कळ पुष्कळदां सौम्य असते किंवा नसतेच. डॉक्टर दम्याकडे किंवा हृदयविकाराच्या झटक्याकडे पाहतो. मग झटक्यासाठीं द्यावयाचें रक्त पातळ करणारें औषध जर दिलें गेलें, तर जें रक्त गोठून चीर बुजवीत होतें तेंच वितळतें. म्हणून दोन हातांच्या रक्तदाबांत मोठा फरक आढळला, किंवा एका हाताची नाडी दुबळी लागली, तर थांबून विचार करण्याची शिकवण विद्यार्थ्यांस देण्यांत येते.

ह्या इतिहासाचा शेवटचा अंक कोणा नाटककारानें रचला असता तर त्याच्यावर कृत्रिमतेचा आरोप आला असता. ता. ३१ डिसेंबर २००५ रोजीं सत्त्याण्णव वर्षांचा डिबेकी ह्यूस्टन येथील आपल्या घरीं अभ्यासिकेंत एकटाच व्याख्यान तयार करीत असतां त्याच्या छातींत वर मानेकडे जाणारी भयंकर कळ उठली. हा आपलाच रोग, हें त्यानें त्या क्षणीं ओळखलें. त्यानें मदतीस कोणाला हांक मारली नाहीं. आतां कांहीं क्षणांत हृदय थांबेल असें समजून तो बसून राहिला. हृदय थांबलें नाहीं. तीन दिवसांनीं छायाचित्र काढलें, तों निदान खरें ठरलें: त्यानें स्वतः पूर्वीं केलेल्या वर्गवारींतला दुसरा प्रकार. शस्त्रक्रियेस त्यानें नकार दिला. ह्या वयांत ती सोसून जगलों तरी मन किंवा शरीर पंगु होईल, ही त्याची भीति होती. आणि ती भीति त्याच्याइतक्या अनुभवानें जगांत दुसऱ्या कोणासहि बाळगतां आली नसती. फेब्रुवारीच्या आरंभीं तो बेशुद्ध झाला. त्याची पत्नी शस्त्रक्रियेचा आग्रह धरून बसली. भूल देणारे डॉक्टर तयार होईनात, कारण त्याचा नकार कागदावर नोंदलेला होता. रुग्णालयाची नीतिविषयक समिति रात्रीं बसली आणि तिनें परवानगी दिली. ता. ९ च्या रात्रीं त्याचा अनेक वर्षांचा सहकारी जॉर्ज नून ह्यानें चाकू उचलला, आणि सात तासांत डिबेकीच्याच रीतीनें डिबेकीची महारोहिणी बदलली.

त्यानंतरचे महिने सुखाचे नव्हते. श्वासासाठीं यंत्र, अन्नासाठीं नळी, मूत्रपिंडांसाठीं रक्तशोधन, असे सर्व भोग झाले. सप्टेंबर २००६ मध्यें तो घरीं गेला, पुन्हां कामाला लागला, आणि माझ्या मनाविरुद्ध केलें तें बरेंच केलें, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले. ता. ११ जुलै २००८ रोजीं, शंभरीस दोन महिने कमी असतां, तो वारला.

तो वांचला म्हणून नकार मोडणाऱ्यांचा निर्णय योग्य ठरला, असें म्हणणें सोपें आहे. परंतु फळावरून न्याय करणें हें न्यायाचें लक्षण नव्हे. तोच टेबलावर मेला असता, किंवा अर्धांगानें दोन वर्षें बिछान्याला खिळून पडला असता, तर त्याच माणसांना लोकांनीं काय म्हटलें असतें? आल्बर्ट आइन्स्टाइन ह्याची पोटांतील महारोहिणी १९५५ मध्यें फुटली तेव्हां त्यानेंहि शस्त्रक्रिया नाकारली. त्याचा शब्द मानण्यांत आला आणि तो मेला. त्याचा शब्द मानणाऱ्यांना कोणी क्रूर म्हणत नाहीं. शुद्धीवर असलेल्या माणसाचा नकार हा ज्ञानाचा की भीतीचा, हें ओळखण्याचें यंत्र अद्यापि निघालेलें नाहीं, आणि तें निघेपर्यंत जो स्वतःविषयीं स्पष्ट बोलला आहे त्याचाच शब्द प्रमाण धरणें हा मार्ग आम्हांस कमी धोक्याचा वाटतो. मग एखादा डिबेकी त्यांत गमवावा लागला तरी. दुसऱ्या जॉर्जला हा प्रश्न पडला नाहीं, कारण त्याच्या वैद्यांपाशीं देण्यासारखें कांहींच नव्हतें. निकोल्सनें चीर मोजली आणि कागदावर उतरली. आज ती शिवतां येते, आणि त्यामुळेंच ती शिवावी कीं नाहीं हें आपल्या माणसांशीं, शुद्ध असतां, घरींच बोलून ठेवण्याचें कर्तव्य प्रत्येक कुटुंबावर येऊन पडलें आहे.